कोरडी मोटर

उदबत्तीत जळक्या हायड्रॉलिक तेलाचा वास मिसळला की मला गव्हाणजवळची ती साइट आठवते, जिथे आमच्या पोकलेनची डावी चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर गेली होती आणि मशीन भरावाच्या चिखलात चार दिवस अडकून पडलं होतं. पनवेलच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने नवी मोटर उन्हात बसवली, पाइप जोडले आणि तो तेल भरायला नरसाळं शोधू लागला, तेवढ्यात मालकाचा इंजिनिअर जावई नारळ-उदबत्ती घेऊन उगवला. पांढरे बूट, काळा गॉगल, आणि आयुष्यात कधी पाना न धरलेले हात. "बारापर्यंत मुहूर्त आहे, स्टार्ट करा," तो म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मोटरच्या पोटात तेल नाय. कोरडी फिरली तर जाम होईल. दहा मिनटं द्या." जावई हसला. "चाचा, पाइपातून येतं ते आपोआप. बेसिक आहे." मग त्याने नारळ फोडला, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला आणि वर केबिनमध्ये माझ्याकडे बघून बोट फिरवलं. मशीन दोन हात सरकलं, आत खडे भरडल्यासारखा आवाज झाला आणि कोरी मोटर जागेवर जाम झाली. "पीसच डिफेक्टिव्ह आहे," जावई बुटाचा चिखल पुसत म्हणाला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हातात नरसाळं धरून तो माझ्याकडेच बघत राहिला. आता मी नव्या ऑपरेटरांना शिकवतो, तेव्हा त्या गाढवाचा किस्सा रंगवून सांगतो. चावी कोणी फिरवली, एवढं मात्र गाळतो.