उमरग्याचा शुक्रवार

उमरग्यात ज्यू घर एकच, आमचं. लग्न होऊन ठाण्याहून इथं आले तेव्हापासून मी शाळेत भूगोल शिकवते आणि नवरा हायवेलगतच्या दवाखान्यात डोळे तपासतो. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत आमच्याकडे शब्बाथचा, म्हणजे शनिवार रात्रीपर्यंत चालणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लागतो. काचेच्या पेल्यात पाणी, वर करडईचं तेल आणि त्यात वात. शेजारच्या काकूंना तो लक्ष्मीचाच वाटतो. "तुमचा शुक्रवार आमच्याहून कडक बगा, बाई," असं त्या कौतुकानं म्हणतात. मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

सूर्यास्ताच्या थोडं आधी, म्हणजे नेमका किती वाजता दिवा लावायचा, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. ते आई दरवर्षी ठाण्याहून पाठवते, आणि आईनं पाठवलेल्या वस्तूवर शंका घ्यायची माझी हिंमत नाही.

मुलगी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली तेव्हा मी तिला अलिबागकडे समाजाच्या मुलांच्या शिबिराला धाडलं. समुद्र, गाणी, हिब्रू अक्षरं, रोज नारळाच्या दुधातली आमटी. मला वाटलं, पोरगी खुलेल. ती गेली नाक मुरडत आणि आली तोंड पाडून. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता एकदम बोलली.

"तिथं सगळ्यांना गाणी पाठ हायत, मला एक बी येत न्हाय. एक पोरगी म्हणली, तुझ्या गावात प्रार्थनेला सिनेगॉग न्हाय, दुसरं घर न्हाय, मग तू ज्यू कशी? मला सांगताच आलं न्हाय, मम्मी. मी परत जाणार न्हाय. आन् ते रविवारचं बी बंद."

रविवारचं म्हणजे शिबिराची ताई गावोगावच्या मुलांना मोबाईलवर जमवते ते. माझा पारा चढला. त्या पोरीवर, शिबिरावर, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर. समाज सोडून इतक्या लांब आलो आम्ही दोघं, आणि जाब विचारला गेला तिला. वर भीतीही वाटली. हिनंच पाठ फिरवली तर माझ्यामागं तो पेला कोण भरणार?

ताईचा फोन आला. तिनं समजूत वगैरे घातली नाही, नुसतं काम दिलं. "तुझ्या गावात शुक्रवार कसा येतो तेवढं नीट बघ आणि रविवारी सांग. मग नाही आलीस तरी चालेल."

शुक्रवारी मुलगी वही घेऊन गच्चीवर बसली. मी खाली कांदा चिरत होते. थोड्या वेळानं धडधडत खाली आली.

"मम्मी, दिवा लाव! सूर्य टेकलाय!"

"अजून पाच मिनिटं आहेत," मी कॅलेंडरकडे सुरी रोखली.

"ते ठाण्याचं हाय!" मग कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्याच आवाजात, "सांगा बाई, एका रेखांशाला किती मिनिटं?"

"चार," मी म्हटलं, आणि सुरी खाली ठेवली.

इतकी वर्षं मी फळ्यावर लिहितेय की पूर्वेकडं सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो. गणितं घालते, चुकलेल्यांना उभं करते. आणि माझ्याच घरात शुक्रवार ठाण्याच्या वेळेवर चाललेला! इथला सूर्य पंधरा मिनिटं तरी आधी बुडतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नवरा पोट धरून हसला. "डोळ्यांचा डॉक्टर मी, पण चष्मा तुला लागलाय," म्हणाला. इतकी वर्षं त्यालाही दिसलं नव्हतं, हे मी त्याला लगेच ऐकवलं.

तिनं रात्रीचा दिवस करून उमरग्याचं वर्षभराचं वेळापत्रक केलं आणि कॅलेंडरवरच चिकटवलं. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी तिनं हे सगळं मुलांना सांगितलं. माझी यथेच्छ टिंगल झाली. मग ताई म्हणाली, "म्हणजे आपल्यात सगळ्यात पहिला दिवा उमरग्याचा!"

तेव्हापासून शुक्रवारी ती रविवारच्या मुलांच्या ग्रुपवर लिहिते, 'उमरगा लावतंय.' मग दिवा लागतो. शब्बाथला मोबाईलला हात लावायचा नाही, म्हणून तो त्याआधीच ज्वारीच्या पिठाच्या डब्यात जातो आणि शनिवारी तीन तारे दिसले, शब्बाथ संपला, की मगच बाहेर. शिबिराचं नाव मात्र तिनं काढलं नव्हतं, आणि मीही जीभ आवरली होती.

गेल्या महिन्यात ऐन शुक्रवारी मोबाईलचा टॉवर बंद पडला. निरोप काही गेला नाही. तिनं दिवा लावला, पण चेहरा उतरलेला. "कुणाला काय फरक पडणार हाय," असं पुटपुटली.

शनिवारी तिसरा तारा दिसताच तिनं डब्यात हात घातला. मोबाईल सुरू केला तर टॉवर परत आलेला, आणि निरोपांवर निरोप. सगळ्यात वरचा त्या शिबिरातल्या पोरीचा होता, 'तू ज्यू कशी' विचारणारीचा.

'उमरगा, लावलास का दिवा? आम्ही सगळे काडी हातात धरून थांबलोय.'

तिनं तो तीनदा वाचला. ज्वारीचं पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मम्मी, माझी शिबिराची बॅग कुठं ठेवलीस?"