शनिवारचं पाळणाघर

आमच्या पाळणाघराचे अनुदानाचे अर्ज तीनदा फेटाळले गेले आणि तिन्ही अर्ज मीच लिहिले होते. मी निवृत्त शिक्षिका, पाळणाघराची सचिव. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, त्यामुळे स्वतःची दिसायला जरा वेळच लागला.

पाळणाघर बयाबाईंचं. कार्ल्याच्या बयाबाईंनी खंडाळ्याच्या बंगल्यांत बावीस वर्षं झाडलोट आणि स्वयंपाक केला. गुडघे गेले तशी कामं सोडली आणि तिथेच एक खोली भाड्याने घेऊन मोलकरणींची, हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायला लागल्या. यंदा अनुदान मिळालं नाही तर दिवाळीला खोलीला कुलूप लागणार होतं, आणि नेमकी दिवाळीतच पाहुण्यांची रीघ असते.

तिसरं नकाराचं पत्र मी गुपचूप फायलीत सरकवत होते. बयाबाईंनी माझा हात धरला.

"बाई, लपवताय काय? नापास पोराला तुमी त्याचा पेपर दाखवत होता न्हवं? मग आपला पेपर मागा की."

मला लाज वाटत होती, त्यांना अजिबात नाही. त्यांनी मला तिथल्या तिथे अनुदान देणाऱ्या संस्थेच्या कचेरीत फोन लावायला लावला. पलीकडचा साहेब तसा सौजन्याने बोलला. "तुमचं केंद्र शुक्रवार ते रविवारच चालतं. सुट्टीला आईवडील घरीच असतात, त्यामुळे गरज दिसत नाही. सोमवार ते शुक्रवार करा, मग नक्की विचार करू."

मी कपाळाला हात लावला. लोणावळा-खंडाळ्यात शनिवार-रविवार हे राबायचे दिवस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच मी ते एकाही अर्जात लिहिलं नव्हतं. 'सर्वांगीण विकास' मात्र सात वेळा लिहिला होता.

"कागदावर तरी वार बदलू," मी म्हणाले.

बयाबाई उखडल्या. "सोमवारी पोरं आयांपाशी असत्यात. मी काय खुर्च्या सांभाळू? आपलं सांगण्यात चुकलं, कामात न्हाई. नव्यानं लिवा, मी सांगते."

त्यांची मुलगी माधवी हॉटेलात रिसेप्शनवर असते. ती टाइप करायला बसली. बयाबाईंनी पहिलंच वाक्य सांगितलं, "माझी लेक चार वर्सांची व्हती तवा दर शनवारी मी तिला बंगल्याच्या अडगळीच्या खोलीत कोंडून ठेवायची. पाव्हण्यांना आवाज जाऊ नये म्हणून."

माधवीची बोटं थांबली. मी म्हणाले, "बयाबाई, हे नको. लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू द्या. मी केलंय ते."

"मी तोंडावर हात दाबून बसायचे," माधवी म्हणाली. "आई, हेही घालते." आणि तिने ते घातलं.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. अर्ज पसंत पडला होता, फक्त पाहणी उरली होती, आणि ते सोमवारी येणार होते. मी हो म्हणणार, तेवढ्यात बयाबाईंनी फोन हिसकावला.

"सोमवारी बंद असतंय, साहेब. शनवारी या. अन् येताना कुटल्याबी हॉटेलात थांबा. तुमची खोली झाडणाऱ्या बाईला इचारा, तिचं पोर आत्ता कुटं हाय."