तिसरा मेमो

मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं, की पत्रा दाबायच्या प्रेसवरची माणसं ओळखायची, आता कुणाच्या तरी कानाखाली वाजणार. वाजायचीच. मग "झालें, संपलें," म्हणत आमचे फोरमन घड्याळ पुन्हा बांधायचे.

ते तंजावरकडचे मराठी. अंबत्तूरच्या त्या कारखान्यात सगळ्यांशी तमिळ बोलत, माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी. मी पुण्याहून नुकताच आलेला पर्सोनेल ऑफिसर. तुम्ही तिथं असतात तर माझ्यासारखेच हादरला असतात. सेल्वम या कामगारानं चालू प्रेसची संरक्षक जाळी काढून हात आत घातला, म्हणून त्यांनी त्याला असं हाणलं की ओठ फाटला. त्याच संध्याकाळी सेल्वमच्या गरोदर बायकोला रिक्षात घालून तेच दवाखान्यात घेऊन गेले.

नव्या जर्मन मॅनेजरनं तो ओठ पाहिला. "इथं कुणी कुणावर हात उचलणार नाही," तो म्हणाला. "चुकला तर मेमो. तीन मेमो झाले की घरी."

मला पटलं. मेमोचा नमुना मीच टाइप केला. फोरमननी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा कधीं संपतो, साहेब?"

"म्हणजे?"

"मारलें तें संपतें. हें फायलींत राहतें की."

वर्षभरात सेल्वमचे दोन मेमो झाले. जाळी काढली की काम भराभर उरकायचं, म्हणून तो काढायचाच. तिसरा मेमो घेऊन फोरमन माझ्या टेबलाशी उभे राहिले. "हा फाडा. मला एकदां त्याला मारूं द्या."

मी नियम दाखवला. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात सेल्वमनं त्यांना गाठलं. हातात लोखंडी सळई. मी वरच्या पायरीवर होतो. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा कानावर. फोरमन खाली कोसळले.

"दहा वर्षं मारलंत, कधी बोललो, अण्णा?" तो तमिळमध्ये ओरडत होता आणि रडत होता. "कागदानं का मारलंत?"

फोरमननी हात वर केला नाही. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "ओडु." पळ.

तो पळाला. मी खाली उतरलो, पण फार उशिरा.

इस्पितळात पोलिसांना त्यांनी सांगितलं, "जिन्यावरून पडलों." पोलिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. अपघाताचा अहवालही मीच लिहिला.

फोरमन डाव्या कानानं बहिरे झाले. कामावर परत आले नाहीत.

जर्मन साहेबानं माझा अहवाल दोनदा वाचला. आठ दिवसांत त्या जिन्याला दोन्ही बाजूंनी भक्कम लोखंडी कठडा बसला.