गिधाडं आणि सहलीच्या बसेस

शाळांच्या सहलींचे किस्से जमवावे लागत नाहीत. बस सुटली की आवारात कुरकुऱ्यांच्या पाकिटांबरोबर एखादा पडलेला सापडतोच. डिसेंबरात तर रोज झाडून काढावे लागतात!

नशिराबादजवळ नाना आणि अक्का हे नवरा-बायको आपल्या शेतात एक छोटं प्राणिसंग्रहालय चालवतात. नाहीसे होत चाललेले जीव जगवायचे, हे त्यांचं वेड. झूलॉजीत एम.एस्सी. करून मी इथे गाईड झाले. यंदा आमच्या गिधाडांच्या जोडीनं पहिल्यांदाच अंडं घातलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. घाबरून घरट्यावरून उठलं आणि परत बसलंच नाही, तर ते वर्ष वाया. नाना रोज सकाळी बजावायचे, "पोरी, तठे अंडं शे. बठ्ठासले सांगी दे, आवाज नको!"

मी सगळ्यांना सांगायचे. ऐकतंय कोण!

*

धुळ्याचे एक सर बसमधून उतरता उतरताच म्हणाले, "वाघ कुठंय?"

"वाघ नाही सर, गिधाडं आहेत."

"ती बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? आमच्या संस्थेची मीटिंग काय वाईट होती!"

दहा मिनिटांत सगळे परत बसमध्ये. पुढे वॉटरपार्क होता.

*

वरणगावकडच्या एका मॅडमनी आल्या आल्या 'निसर्ग अभ्यास सहल' असा बॅनर काढला आणि थेट गिधाडांच्या जाळीवर बांधला. मुलं बॅनरसमोर, पाठ पक्ष्यांकडे. क्लिक! फोटो ग्रुपवर गेला.

"मॅडम, आता बॅनर काढा ना, मुलांना पक्षी दिसू देत."

"थांबा हो, अजून शिक्षकांचा फोटो राहिलाय!"

*

एका शाळेतल्या मुलांच्या हातात 'प्रत्यक्ष निरीक्षण' नावाचे कागद होते. मी कौतुकानं एक वाचायला घेतला. 'मोर पिसारा फुलवून नाचताना दिसला.' दुसरा घेतला. तिथेही मोर नाचत होता! सरांनी येताना बसमध्येच उत्तरं लिहून दिली होती.

"सर, आमच्याकडे मोरच नाहीये."

"मग? नाचतो की नाही मोर?"

*

पुढची शाळा मात्र पर्यावरणप्रेमी निघाली. क्रीडाशिक्षकांनी मुलांना बरोबर घरट्याखाली रांगेत उभं केलं, जोरात शिट्टी फुंकली आणि ओरडले, "गिधाडांना?"

"वाचवा!" दोनशे पोरं.

मादी फडफडत घरट्यावरून उठली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. अंडं उघड्यावर. मी धावले, "सर, बंद करा!"

"अहो मॅडम, तुमच्याच पक्ष्यांसाठी करतोय!"

ती शाळा गेल्यावर नाना-अक्का जाळीपासून लांब, जमिनीवर बसून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. ऊन उतरल्यावर मादी परत अंड्यावर येऊन बसली, तेव्हा कुठे अक्का उठल्या.

*

म्हणून पिंपळनेरकडची शाळा आली, तेव्हा नाना स्वतःच गेटवर उभे राहिले. मुख्याध्यापकांपुढे त्यांनी हातच जोडले. "सर, पिल्लू आज-उद्या बाहेर येईल. एवढी शांतता ठेवा."

"शांतता? आमच्या मुलांना सवय आहे!" मुख्याध्यापक म्हणाले. जाळीपाशी येताच त्यांनी आवाज न चढवता हुकूम सोडला, "सावधान. डोळे मिटा. माना खाली. गिधाडांच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

समोर दोन्ही गिधाडं धडधाकट! नाना काही बोलणार, तोच अक्कांनी त्यांचा दंड धरला. "राहू द्या," त्या कुजबुजल्या, "आवाज तं नही शे ना!"

अख्खी शाळा माना खाली घालून उभी. शिक्षकही. खरंच पानसुद्धा हलत नव्हतं. आणि मादी हळूच उठली, बाजूला सरकली. घरट्यातून एक ओलं, राखाडी डोकं डुगडुगत वर आलं.

अक्कांनी तोंडावर पदर दाबला. नानांचे डोळे वाहत होते. मला ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं तर नव्हतं.

मादी पुन्हा पिल्लावर बसली.

"विश्राम," मुख्याध्यापक म्हणाले. "चला, रांगेत बसकडे!"

जाता जाता ते माझ्याजवळ थांबले. "छान आहे हो तुमचं. फक्त पुढच्या वेळी मुलांना जरा काहीतरी घडताना दाखवा!"