आईच्या नावाची पाटी

सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराची, किल्ली जाफिराच्या कमरेला असायची. तळ्याकाठच्या या गावात ज्यू उरले होते मूठभर, आणि त्यांत धड गुडघ्यांची म्हणाल तर ही एकटीच. झाडलोट तिची, दिवे तिचे, आणि पासओव्हरच्या सणाआधी धर्मग्रंथांच्या कपाटापुढच्या पवित्र पडद्यावरच्या चांदीच्या पाट्या घासायचं कामही तिचंच.

मूल दुखण्यातून उठलं की आईनं नवसाची पाटी करायची, आपलं आणि मुलाचं नाव कोरून ती पडद्यावर टांगायची, ही इथली जुनी रीत. टांगलेली पाटी पुन्हा उतरवायची नाही. तान्ही जाफिरा गोवरातून उठली तेव्हा तिच्या आईनं, एस्तेरनं, अशीच पाटी टांगली. पुढे युद्धात जर्मनांनी एस्तेरला भर बर्फात ट्रकमध्ये चढवलं, ती परत आली नाही. डोंगरातल्या एका धनगरणीनं लपवलेली जाफिरा तेवढी वाचली. आईचं थडगं नाही, फोटो नाही. होती ती पाटी.

मातथियास तिचा आतेभाऊ, तोही तसाच पोरका. दोघं एका काकांकडे एका ताटात जेवून वाढली. आता तो समाजाचा अध्यक्ष होता, पण शुक्रवारी संध्याकाळी जेवायला तिच्याकडेच.

"ताई, राजदूत येतायत!" एका शुक्रवारी तो म्हणाला. "मोठ्या देशाचे. मनावर घेतलं तर आपलं गळकं छप्पर होऊन जाईल. चांदी अशी घास की त्यांना तोंड दिसलं पाहिजे."

"त्यांचं तोंड त्यांच्या घरी बघू देत. जेवायला काय करू ते सांग, मात्या."

राजदूत आले. माणूस सभ्य होता, उगीच कशाला खोटं बोला. पडद्यापुढे उभं राहून त्यांनी पाट्यांबद्दल विचारलं. जाफिरानं आईची पाटी दाखवली, सगळं सांगितलं. मातथियास न्यूयॉर्कला राहून आलेला, त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. राजदूतांनी रुमाल काढला. जाफिराला बरं वाटलं. आईसाठी आज कुणीतरी परकं माणूस रडलं होतं. मग ती जेवणाचं बघायला आत गेली.

कांद्याच्या पातीचं सारण भरून भाजलेली पोळी घेऊन ती अंगणात आली, तर बसलेल्या राजदूतांपुढे मातथियास मखमली डबी उघडून उभा. डबीत एस्तेरची पाटी.

"मात्या, वेड लागलंय का तुला? ती माझी आई आहे. परत टांग आधी!"

मातथियासनं तिच्याकडे पाहिलंच नाही. हसत हसत तो राजदूतांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. राजदूत उठले आणि वाकून त्यांनी तिच्या हाताचं चुंबन घेतलं. आपलं बोलणं वाटेतच मेलं, हे तिला त्या चुंबनावरून कळलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"हेच की, तू आनंदानं देतेयस. शोभा करू नकोस, ताई. तूच गोष्ट सांगून त्यांना रडवलंस ना? आता दुसरी दिली तर फिकी पडेल."

तिनं डबीकडे हात नेला. राजदूतांना वाटलं, बिचारीला शेवटचं बघायचंय. त्यांनी मातथियासच्या हातातून डबी घेऊन तिच्यापुढे धरली. तिनं आईच्या नावावरून बोट फिरवलं. ते अदबीनं थांबले, मग डबी मिटून त्यांनी खिशात ठेवली. परक्याचा तिला राग आला नाही. ज्याच्या पानात जन्मभर वाढलं, त्यानं तोंडचा शब्दसुद्धा चोरावा, याची आग लागली होती.

पुढच्या शुक्रवारी मातथियासनं नेहमीसारखं दार वाजवलं.

"छपराचं होतंय, ताई! वास काय सुटलाय. वाढ लवकर."

जाफिरानं उंबऱ्यातच त्याच्या हातावर सिनेगॉगची किल्ली ठेवली.

"पडद्यावर तुझ्या आईचीही पाटी आहे. आजवर मीच घासत आले. यंदाही लखलखीत केलीय. पुढचा पाहुणा आला की ती दे."

तिनं दार लावून घेतलं आणि एकटीच जेवायला बसली.