नाक तुटलेला संत

शेजारच्या प्रोफेसर हार्टविगांच्या घरातली एकच गोष्ट शैलजाला खटकायची. पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेलं कुणा संताचं लाकडी डोकं. नाक तुटलेलं, एक डोळा खरवडलेला.

बाकी माणूस देवमाणूस. जर्मनीत सुताराच्या घरी जन्मले, तरुणपणी मिनेसोटात आले आणि पस्तीस वर्षं कॉलेजात एकच विषय शिकवला: पाचशे वर्षांपूर्वी तिकडे धर्म सुधारायला निघालेली, चर्चमधल्या मूर्ती फोडणारी माणसं. दरवर्षी पहिल्या तासाला ते डोकं टेबलावर ठेवायचे आणि मुलांना विचारायचे, "हे नाक तोडणाऱ्याच्या मनात काय होतं?" त्यावर तीन पुस्तकं झाली. बायको गेल्यावर चौथं लिहायला घेतलं, तेही आता संपत आलं होतं.

"काका, भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये," दर गुरुवारी वरणभाताचा डबा देताना शैलजा म्हणायचीच.

"मग काय करायचं तिचं?"

"विसर्जन."

"माझी उभी नोकरी याच्यावर झाली, शैलजा. याला बुडवलं तर खाऊ काय?"

"माझा वरणभात आहे की!"

२००६ च्या ऑक्टोबरात काका बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मग ताप हटेना. घराची किल्ली शैलजाकडे होती. रोज झाडांना पाणी घालायला गेली की ते डोकं एका डोळ्यानं तिच्याकडे बघायचं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरही मोघम बोलायला लागले, तेव्हा तिला राहवेना. ही पीडा घरातून गेलीच पाहिजे.

शुक्रवारी आंघोळ करून तिनं संताला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, बरोबर दहीपोह्यांची शिदोरी घेतली आणि घरामागच्या तळ्यावर गेली. 'पुनरागमनाय च' म्हणत हलकेच पाण्यात सोडलं.

तर ते बुडेचना! लाकूडच ते. बदकासारखं तरंगत, आभाळाकडे बघत वाऱ्याबरोबर निघालं आणि लव्हाळ्याच्या पलीकडे दिसेनासं झालं.

रविवारी काकांचा ताप उतरला. शैलजानं जेवताना आनंदानं सगळं घरात सांगितलं. नवऱ्याचा, उल्हासचा, घास हातातच राहिला.

"अगं, त्यांना विचारलंस का?"

"मॉम, दॅट्स स्टीलिंग!" ज्ञानदा ओरडली.

शैलजानं ताट बाजूला सारलं. चोरी? करायला गेले गणपती आणि झाला मारुती! उल्हास गुडघ्याएवढे बूट घालून तीन दिवस काठाकाठानं हिंडला. मिळाला एक टेनिसचा बॉल.

काका वॉकर घेऊन घरी आले आणि त्यांची नजर आधी कपाटावरच गेली. शैलजानं खाली बघत सांगून टाकलं. ते जर्मनमध्ये काहीतरी मोठ्यानं बोलले. मग धपकन खुर्चीत बसले.

"राग होता तुला त्याचा?"

"छे हो! सोडताना रडू आलं मला."

ते तिच्याकडे वळले. मग हळूहळू म्हणाले, "माझ्या पुस्तकात त्या काळातला एक सुतार आहे. त्यानं स्वतः घडवलेला संत खांद्यावर घेतला आणि नदीत टाकला. मागून माणसं गात चालली होती. त्यावरून मी लिहिलंय की ती टवाळी होती. खोटी मिरवणूक."

"गात नेलं? मग टवाळी कशी? आम्हीसुद्धा वाजतगाजतच नेतो."

"कोर्टात 'का टाकलास' म्हणून विचारलं तेव्हा तो एक शब्द बोलला नाही."

"काय बोलणार बिचारा? मला तरी तुमच्यापुढे कुठं धड बोलता येतंय?"

"घरी जा, शैलजा."

ती गेली. देवासमोर बसली, पण नमस्कार करावा की माफी मागावी, कळेना. ताप उतरला हे खरं. काकांचं आयुष्यभराचं धन गेलं हेही खरं. सोमवारी त्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. आता त्यांनी बोलणंच टाकलं तर?

सोमवारी दुपारी काकांचाच फोन आला. ती धावत गेली. कागदांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडला होता. वरच्या पानावर सुताराचा परिच्छेद आडवा-तिडवा खोडला होता आणि खोडल्यावर पुन्हा कडेला तसाच लिहिला होता.

"पाठवलं नाहीत?"

"काय पाठवू? आणि ऐक, मी तुला माफ केलेलं नाही. मला राग ते डोकं गेल्याचा आलाय की या पानाचा, तेच समजत नाहीये. बस. पहिल्यापासून सांग."

शैलजानं आंघोळीपासून सुरुवात केली. ते लिहीत राहिले.

"परत येताना मागे वळून पाहिलंस?"

"पाहिलं."

"का?"

काका पेन धरून थांबले होते. त्या सुतारासारखंच शैलजालाही ते सांगता येईना.