लागलेली हुग्गी

आप्पा काहीही बोलायच्या आधी नाक वर करून वास घेत. मग समोर ज्वारीचं पोतं असो की मत मागायला आलेला उमेदवार. उदगीरला त्यांचं धान्याचं दुकान होतं अन् समोरच माझं शिवणकाम, त्यामुळं ते नाक मला दिवसभर दिसायचं.

एकदा एक उमेदवार त्यांच्या पाया पडून गेला. आप्पांनी हुंगलं अन् म्हणाले, "अत्तर लई लावलंय. आत काय तरी कुबट हाय." मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

माणूस जुन्या वळणाचा. इतका की कधीकधी रागच यायचा. देवळातली पंगत जमिनीवरच बसली पाहिजे, पत्रावळीच पाहिजे. देवळाच्या दारात पुढाऱ्याचा फ्लेक्स लागला की विळा घेऊन स्वतः सुतळी कापायचे. "देवापरीस ह्याचं थोबाड मोठं? काढा ते!" मी म्हणायची, "आप्पा, जमाना बदललाय." त्यावर उत्तर ठरलेलं. "बदलू दे की माय. घाई कुणाला हाय?"

तुमच्याही गल्लीत असा एखादा म्हातारा असेल. असला तर जपा, बाबांनो.

आमच्याकडं श्रावणातला शेवटचा सोमवार झाला की दुसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळात भंडारा असतो. त्यात हुग्गी, म्हणजे उखळात कांडलेल्या गव्हाची गूळ घालून केलेली खीर. ती भली मोठी कढई चुलाण्यावरून उतरवायला कड्यांत बांबू घालतात. एका बाजूनं वरच्या आळीनं धरायचं, दुसऱ्या बाजूनं खालच्या आळीनं. एकट्या आळीनं उतरवायची नाही, ही रीत. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आप्पांना विचारलं तर म्हणायचे, "जड असती म्हणून."

माझं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. मागच्या निवडणुकीत दोन आळ्यांचे दोन उमेदवार उभे राहिले. माझा भाऊ एकाचा झेंडा घेऊन फिरला, नवरा दुसऱ्याचा. निकालाच्या दिवशी तोंडं फिरली ती फिरलीच. श्रावणात पंचमीला भाऊ मला न्यायला आला नाही. माहेर हाकेच्या अंतरावर, अन् मी पिशवी भरून उंबऱ्यात बसलेली. सासू म्हणत राहिली, "येईल गं." नाही आला. खरं सांगते, भाऊ अन् नवरा, दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग खालच्या आळीनं जाहीर केलं की यंदा वरच्या आळीसंगं भंडाऱ्याला जायचं नाही, आपण आपला वेगळा करू. त्या वर्षीची पंचमी गेली, आता पुढच्याही गेल्या, हे मला तेव्हाच कळलं.

भंडाऱ्याच्या दिवशी मी माहेरवाशीण म्हणून एकटीच देवळात गेले. हुग्गी शिजली. खालच्या आळीचं कुणी नाही. वरच्या आळीची माणसं म्हणाली, "आप्पा, आम्हीच उतरवतो." आप्पा चुलाण्यापाशी पालथ्या टोपल्यावर बसले होते. त्यांनी आपली काठी बांबूवर आडवी टाकली.

"हात लावायचा न्हाई."

"अहो, लागंल की खाली!" भाऊ ओरडला.

"लागू दे. घाई कुणाला हाय?" अन् ह्या म्हाताऱ्यानं उलट तुराट्यांची आणखी एक कवळी जाळात सारली!

थोड्या वेळात करपलेल्या गुळाचा वास सुटला. वारा खालच्या आळीकडं. आणि कोण यावं? माझी सासू! पदर खोचून, तरातरा. "मेली का रे सगळी हितली माणसं? देवाची हुग्गी लागून राहिली अन् बघत बसलाव?" तिच्यामागं आळीतल्या बायका, अन् बायकांच्या मागं खाली मान घालून पुरुष. त्यात आमचे हे.

ह्यांनी बांबूचं टोक धरलं. समोरच्या टोकाला माझा भाऊ. मी देवाचं नाव घेत होते. क्षणभर दोघंही धुरात डोळे मिचकावत उभे राहिले.

"उचला, दाजी," भाऊ म्हणाला.

"हं. सांभाळून, पाव्हणं."

कढई खाली टेकली तसा माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मी रडले, अन् धुराचं निमित्त सांगितलं. आप्पांनी बोटानं चव घेतली. "लागली की. असू दे, सगळ्यांला सारखीच लागली." त्या दिवशी पंगतीत कुणीही नाक मुरडलं नाही. निघताना भाऊ माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत पुटपुटला, "पंचमी ऱ्हायली. पोळ्याला ये."

गेल्या थंडीत आप्पा झोपेतच गेले. दुकानाला कुलूप आहे. मशीन चालवता चालवता मी अजूनही समोर बघते.

यंदा पंचमीला भाऊ सकाळीच दारात हजर. भंडाऱ्याला दोन्ही आळ्या वेळेच्या आधीच जमल्या. पालथं टोपलं चुलाण्यापाशी तसंच ठेवलेलं, त्यावर कुणी बसलं नाही. हुग्गी शिजली. ह्यांनी एक टोक धरलं, भावानं दुसरं. आणि कुणी उचलेचना.

"अरे, उतरवा की! लागंल ना!" मी ओरडले.

भावानं नाक वर करून हवा हुंगली.

"घाई कुणाला हाय, ताई?"

हुग्गी बुडाशी लागल्याचा वास आला, तेव्हाच कढई उतरली.